झुडपी जंगलात आपला वाटा कोणता?



गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या सुट्टीच्या दिवशी अल मनखूल येथील एका सदस्याच्या सदनिकेत आम्ही काही कुटुंबे जमलो होतो. बुद्धवंदना झाली, भोजन झाले आणि चहाच्या वेळी एका तरुण अभियंत्याने खिशातून एक पत्र काढले. त्याच्या गावच्या वृक्षारोपण समितीने ते पाठविले होते. गावाशेजारच्या उजाड रानात पाच हजार रोपे लावावयाची, भोवती तारेचे कुंपण घालावयाचे आणि प्रवेशद्वारी परदेशस्थ दात्यांच्या नावांचा फलक उभारावयाचा, अशी ती योजना होती. ‘लोकसहभाग’ हा शब्द त्या एका पत्रात सात वेळा आला होता, आम्ही मोजला. त्यावर आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य उद्गारले, “अहो, झाडेझुडपे सोडली म्हणून तर आपण येथवर पोहोचलो. बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हटले होते, रानात जा म्हटले नव्हते.” सगळे हसले. आम्हीही हसलो आणि विषय तेथेच संपला.

त्या हसण्याची टोचणी मात्र वर्षभर राहिली. आमच्या मते त्या दिवशी दोघांचेही चुकले होते. ज्येष्ठ बंधूंना वाटले की रानाशी आपले देणेघेणे उरलेले नाही. तरुण मित्राला वाटले की रोपांचे पैसे दिले की देणेघेणे फिटते. या दोन्ही समजुतींविरुद्ध हा लेख आहे.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गावाचे नाव देत नाही, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते एकाच गावाचे नाही. विदर्भातील वाचकांना ‘झुडपी जंगल’ हे शब्द ठाऊक आहेत. कोकणातून वा मराठवाड्यातून आलेल्या बंधूंसाठी थोडे सांगितले पाहिजे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली दप्तरात अशा नावाने नोंदलेल्या जमिनी आहेत. मुरमाड, खडकाळ, खुरट्या झुडपांनी भरलेल्या. मालगुजारीच्या काळापासून गावाची गुरे तेथे चरत, सरपण तेथून येई, आणि त्याला निस्तार म्हणत. वनखात्याला ती झुडपे जंगल वाटत नव्हती, महसूल खात्याला ती शेती वाटत नव्हती. त्यामुळे कोणीच त्यांच्याकडे पाहिले नाही. आज अशा कित्येक रानांत पाय ठेवावयाचा तर घाणेरीची जाळी बाजूला करावी लागते, आणि जाळीआड बिबट बसला आहे काय, ही भीती असते.

कोणीच पाहिले नाही असे आम्ही म्हटले, ते पूर्णपणे खरे नाही. भूमिहीनांनी पाहिले. ज्याच्या बांधावर बाभूळ नाही त्याचे सरपण या रानातून आले. ज्याच्याकडे कडब्याची गंजी नाही त्याच्या चार शेळ्या या रानात जगल्या. मोहफुले, चारोळी, तेंदूपाने, पावसाळ्यातील रानभाज्या हे सारे आमच्या मोहल्ल्यातील बायका डोक्यावरून आणीत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आमचे आजोबा त्याच रानातील पायवाटेने तेथे पायी गेले. वाटेत चुलीला जी काटकी लागली तीही रानातलीच.

आता आमच्या गावी घडले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी तेथे अशीच एक समिती स्थापन झाली. गावातील जमीनवाले तिचे पदाधिकारी झाले आणि आमच्या मोहल्ल्यातील एका गृहस्थाचे नाव सदस्यांच्या यादीत शेवटी घालण्यात आले. बैठकीचे निमंत्रण त्यांना बैठकीनंतर मिळत असे. समितीचा पहिला ठराव चराईबंदीचा होता आणि दुसरा सरपणबंदीचा. पाटलांच्या बैलांना त्याचा उपद्रव झाला नाही, कारण बैल गोठ्यात कडबा खात होते. शेळ्या विकल्या गेल्या त्या आमच्या मोहल्ल्यातील. मोळीसाठी दंड भरला तो विधवा बायकांनी. खड्डे खणण्याची मजुरी मात्र आमच्याच लोकांना देण्यात आली, आणि तिलाच सहभाग असे नाव मिळाले. तिसऱ्या उन्हाळ्यात रोपे वाळली. फलक अजून उभा आहे. त्यावर ज्यांची नावे आहेत त्यांत, लाज वाटते सांगावयास, एक नाव आमचे आहे. आम्ही दुबईहून पैसे पाठविले होते आणि समितीत कोण आहे एवढेही विचारले नव्हते.

वैद्यकीच्या व्यवसायात असल्याने आम्हास या मोळीचा दुसरा हिशोबही माहीत आहे. डोक्यावर पंधरा-वीस किलोंचा भार घेऊन चार-पाच मैल चालणाऱ्या बाईच्या मानेचे मणके चाळिशीतच झिजतात. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या म्हातारीच्या छातीतून जुन्या धूम्रपान करणाऱ्यासारखी घरघर ऐकू येते. ती चुलीच्या धुराची देणगी असते. गावी गॅसची शेगडी आली खरी. पण सिलिंडर पुन्हा भरण्याचे पैसे नसले की शेगडीवर कापड पडते आणि चूल पेटते. जवळचे रान बंद केले म्हणजे सरपण थांबत नाही, बाई आणखी दूर जाते. चंद्रपूर जिल्ह्यात दूर जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे होय.

मुळात ‘भागीदारी’ म्हणजे काय? दुकानात भागीदार होतो तेव्हा आपण कागद करतो. हिस्सा किती, तोटा कोणाचा, एकाने दुसऱ्यास काढून टाकता येईल काय, हे त्यात लिहिलेले असते. केंद्र सरकारने १ जून १९९० च्या परिपत्रकाने आणि महाराष्ट्र शासनाने १६ मार्च १९९२ च्या निर्णयाने संयुक्त वन व्यवस्थापन आणले. हेतू चांगला होता. ओसाड झालेली वने लोकांनी राखावीत आणि उत्पन्नाचा वाटा घ्यावा, अशी कल्पना होती. पण तो वाटा सरकारच्या कृपेवर अवलंबून राहिला. मालकी एकाची, राखण दुसऱ्याची, आणि मालकाला वाटेल तेव्हा समिती बरखास्त. याला आम्ही भागीदारी म्हणत नाही. ही बिनपगारी जागल्याची नोकरी झाली, आणि गावची फुकटची जागल आपल्या पूर्वजांनी पुष्कळ केली आहे. राजा बिंबिसाराने भगवंतांना वेळुवन दिले ते सोन्याच्या झारीने पाणी सोडून दिले. दर पाच वर्षांनी फेरविचार करू, अशी अट त्याने घातल्याचे विनयपिटकात आढळत नाही.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने पहिल्यांदा कृपेच्या जागी हक्क हा शब्द लिहिला. गावाने परंपरेने राखलेल्या वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क ग्रामसभेस मिळाला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव आपण ऐकले असेल. २००९ साली तेथील ग्रामसभेस सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मान्य झाला. तरीही स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडण्यास २७ एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. आमच्याच जिल्ह्यातील पाचगाव येथील ग्रामसभेला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. तेथील लोकांनी बांबूच्या उत्पन्नावर गावातच रोजगार उभा केला आणि तेंदूपाने तोडणे आपणहून बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि रान पेटविले जाते. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर हे कोरकू गाव तर आमच्या विषयाला सर्वांत जवळचे आहे. त्यांच्या वाट्याला आले ते उजाड डोंगर. ग्रामसभेने ते राखले, सीताफळाचे उत्पन्न घेतले, आणि २०१४ साली त्या कामास भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

ही उदाहरणे ऐकून आपल्यातील पुष्कळजण टाळ्या वाजवितात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत. ही गावे प्रामुख्याने आदिवासींची आहेत. मिश्र वस्तीच्या गावात, जेथे आपला मोहल्ला गावाच्या कडेला आहे, तेथे काय? कायद्याने आपल्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या सदरात टाकले आहे. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. हिशोब केला तर वर्ष येते १९३०.

१९३० म्हणजे कोणते वर्ष? त्या वर्षाच्या २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दार ज्यांच्यासाठी बंद होते, त्यांना शासनाने आज विचारावे की त्या वर्षीचा तुमचा कागद कोठे आहे? त्या काळी आमच्या पणजोबांच्या नावाचा कागद असलाच तर तो सावकाराच्या पेटीत असे.

महाडची आठवण येथे अपरिहार्य आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे कागदावर लिहिले. पाणी मात्र २० मार्च १९२७ पर्यंत मिळाले नाही, आणि त्यानंतरही दहा वर्षे दावा चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, तो कशाच्या आधारे? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची आपली रूढी अनादिकालापासूनची आहे, हे प्रतिवाद्यांच्या विरोधकांना सिद्ध करता आले नाही. तेथे पुरातनतेचा पुरावा देण्याचा भार अडविणाऱ्यांवर होता. वनहक्काच्या बाबतीत तो भार अडविलेल्यांच्या खांद्यावर आला आहे. गावाचे रान हेही गावाच्या तळ्यासारखेच सामाईक धन आहे, आणि म्हणून ज्येष्ठ बंधूंना आमचे सांगणे आहे की हा विषय झाडांचा आहे असे समजून हसू नये.

ते म्हणतील, आणि न्याय्यपणे म्हणतील, की ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी काय मत मांडले ते डॉक्टर विसरले काय? विसरलो नाही. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे, हे मत आमच्या गावच्या समितीने आम्हास नव्याने शिकविले. म्हणूनच ‘सर्व काही गावाच्या हाती द्या’ म्हणणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींच्या भजनात आम्ही सामील होत नाही. गाव म्हणजे कोण, हे त्यांनी आधी सांगावे. परंतु खेडे सोडा हा उपदेश ज्यांना पाळता आला ते तुम्ही-आम्ही अल मनखूलमध्ये बसलो आहोत. ज्यांना पाळता आला नाही ते आपलेच चुलतभाऊ तेथे आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते खेड्यात राहिलेल्यांसाठीच. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्यांना द्या, ही त्यांची मागणी होती. आपण त्या लढ्याचे वारस आहोत, हे दर वर्षीच्या स्मरणिकेत छापतो.

आणि वेळ आताच आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असा निर्णय दिला. राज्य सरकार ८६,४०९ हेक्टर झुडपी जमीन वनव्यवस्थापनास अयोग्य म्हणून वगळू पाहत होते. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी जेथे वाटप झाले आहे त्यांच्यासाठी न्यायालयाने वाट ठेवली. उरलेले रान वन म्हणून राखले जाईल. या निर्णयाचा गावोगाव एकच अर्थ सांगितला जाईल: वन झाले, आता आत पाऊल टाकू नका. पण वनजमीन ठरली म्हणजे तिच्यावर वनहक्क कायद्याने सामूहिक दावाही करता येतो, हे कोण सांगणार? पाटलांच्या समितीने सांगावे अशी अपेक्षा आम्ही सोडली आहे.

दावा करताना पंचाहत्तर वर्षांचा सरकारी कागद नसला तर सारे संपले असेही नाही. ही अट वास्तव्याची आहे, तितकी वर्षे जमीन कसल्याची नाही. नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा पुरावा म्हणून मान्य आहे. मात्र एकट्या जबाबावर भागत नाही, जोडीस दुसरा पुरावा लागतो. निस्तार पत्रक, जुना नकाशा, स्मशानाची जागा, जुनी विहीर, असे काही. दाव्याच्या ग्रामसभेस निम्मी गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. आपल्या मोहल्ल्यातील बायका त्या दिवशी मजुरी बुडवून सभेला बसल्या, तर कोणाच्याही चावडीवर परस्पर ठराव होणार नाही. त्यांची त्या दिवसाची मजुरी कोण भरील? आमच्या मते परदेशातील पैशाचा पहिला उपयोग तो आहे.

रोपांचा क्रम फार नंतर येतो. महाराष्ट्रात २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. आकड्यांनी रान उभे राहत नाही. झुडपी जंगलाच्या मातीखाली पळस, तेंदू, धावडा यांची जुनी खोडे जिवंत असतात. आगीपासून आणि सततच्या चराईपासून दोन-तीन पावसाळे वाचविली तर ती आपणहून फुटतात. त्यांतील सरळ फुटवा ठेवावयाचा, बाकीचे छाटावयाचे. घाणेरी मुळासकट काढावयाची, आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आलेली तिची पिल्ले पुढील वर्षी पुन्हा उपटावयाची. जखमेच्या तळाशी जिवंत ऊती दिसत असताना कोणताही शहाणा शल्यविशारद त्वचारोपणाची घाई करीत नाही. तेथे खड्डे खणून परकी रोपे खुपसणे म्हणजे जिवंत मुळे कुदळीने तोडणे होय.

याबरोबर एक कटू गोष्ट आपल्याच माणसांना सांगितली पाहिजे. शेळी कोवळा फुटवा खाते. आपली शेळी आहे म्हणून तिचे दात बोथट होत नाहीत. रान फुटावयाचे असेल तर त्याचा काही भाग काही वर्षे बंद ठेवावा लागेल, याला पर्याय नाही. आमचा आक्षेप बंदीला नाही. एक भाग बंद, दोन खुले, मग पाळी बदलावयाची. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्यांचा. आणि बांधावर झाडे असलेल्या शेतकऱ्याने त्या वर्षांत सरपणासाठी फांद्या द्याव्यात. रानाचा लाभ पाण्याच्या रूपाने त्याच्या विहिरीला होणार आहे, तर त्याची किंमत एकट्या विधवेच्या शेळीने का भरावी? असा ठराव जी समिती लिहून देईल, जिच्यात आपल्या मोहल्ल्याच्या दोन तरी स्त्रिया असतील आणि जिचा हिशोब मोहल्ल्यात वाचला जाईल, तिला मदत करावी. एरवी करू नये. येथे परवानगीवाचून वर्गणी गोळा करणे कायद्याविरुद्ध आहे, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे. ज्याने त्याने आपल्या गावासाठी, आपल्या घरच्यांमार्फत करावयाचे हे काम आहे.

परवा मुलांना घेऊन मुश्रिफ उद्यानात गेलो होतो. अल मनखूलच्या रस्त्यांवरील प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी असते. मुलांना वाटते झाड असेच जगते. उद्यानातील घाफची झाडे पाहून त्यांनी विचारले, यांची नळी कोठे आहे? घाफ हा या देशाचा राष्ट्रीय वृक्ष. २०१९ हे सहिष्णुता वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा तोच त्याचे बोधचिन्ह होता. वनस्पतिशास्त्रात घाफ आणि आपल्याकडची शमी एकच. त्याची मुळे वाळूत फार खोल जातात आणि पाणी शोधतात. मुलांना हे सांगितले तेव्हा धाकटीने विचारले, आपल्या गावात हे झाड आहे का? आम्हास उत्तर देता आले नाही.

रात्री गावी फोन केला. आमच्या मोठ्या आई नव्वदीच्या घरात आहेत. दिसत नाही, पण स्मरण चोख आहे. शमीचे त्या म्हणाल्या, एक होते, नाल्याच्या वळणावर, तुझ्या आजोबांच्या वेळी. मग त्यांनी न विचारता रान सांगावयास सुरुवात केली: मोहाची टेकडी, चारोळीचा टप्पा, जेथे त्यांच्या सासूने सरपण करताना साप पाहिला तो धोंडा, बाळंतिणीसाठी डिंक मिळे तो धावडा. आम्ही अकरा ठिकाणे लिहून घेतली. त्यांतील सात आमच्या पुतण्याने गावच्या नकाशावर शोधली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाऊ तेव्हा उरलेली चार पाहावयाची आहेत आणि मोठ्या आईंचा जबाब साक्षीदारांसमक्ष लिहवून घ्यावयाचा आहे. त्या मात्र विचारीत होत्या की इतके दिवस का थांबायचे, आणि अंगठा चालेल की सही पाहिजे. सही त्यांना येते, प्रौढ वर्गात शिकल्या होत्या.